नापास व्हायची तयारी

भंगाळेबाई आयुष्यात एकदाही नापास झाल्या नव्हत्या, त्यामुळे नापास होणं इतकं अवघड असतं याची त्यांना कल्पना नव्हती. बोदवडच्या शाळेत इतकी वर्षं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं, ढिगानं पोरं त्यांच्या हातून नापास झाली, आणि दर वेळी उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढताना बाईंना वाटायचं, एवढं सोपं कुणाला चुकवता येतंच कसं. स्वतःवर पाळी आली तेव्हा कळलं, त्या पोरांच्या अंगात काही तरी कसब होतं. बाईंच्या अंगात ते नव्हतं.

पाळी आली ती सरकीमुळे. १९८९ सालच्या डिसेंबरात कुंदाबाई भंगाळे लुनावर बसून शाळेला निघाल्या होत्या. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. जिनिंगच्या फाटकासमोर कुठल्या तरी ट्रकमधून सरकी सांडली होती आणि ते टणक बी रस्ताभर पसरलं होतं. घसरणाऱ्या वस्तूपेक्षा गडगडणाऱ्या वस्तूला घर्षण कमी होतं, हे नववीच्या वर्गाला बाई दर वर्षी टेबलावर पेन्सिली ठेवून दाखवत. लुना सरकीवर चढली आणि धडा पेन्सिलींशिवायच सिद्ध झाला. बाईंचं डोकं रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर आपटलं. त्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायला होते बाईंचे यजमान जीवरामभाऊ. ट्रकची पावतीसुद्धा त्यांनीच फाडली होती. पुढे कितीतरी दिवस कुणी सरकीचं नाव काढलं की जीवरामभाऊ उठून पाणी प्यायला आत जायचे. बाईंना मात्र वाटायचं, केळीच्या सालीवरून घसरलो असतो तर निदान ऐकणाऱ्याला हसायची सोय झाली असती. सरकीचं आधी समजावून सांगावं लागतं.

जळगावला नेलं, टाके पडले, काही दिवस बाई कुणाला ओळखत नव्हत्या, मग ओळखायला लागल्या. घरी आल्या तेव्हा चालत होत्या, बोलत होत्या, आल्यागेल्याला नावानं हाक मारत होत्या. भेटायला येणारी माणसं थोडी हिरमुसूनच परत जायची. एवढ्या लांबून यायचं, मोसंबी आणायची, आणि बाई तर पहिल्यासारख्याच.

काय बिघडलं होतं ते बाईंनाही लगेच कळलं नाही. डोक्यातला माल सगळा जागच्या जागी होता. हायड्रोजनपासून युरेनियमपर्यंत मूलद्रव्यं ओळीनं यायची. नणंदेच्या लग्नात कोण कोण रुसलं होतं तेही यायचं. गडबड व्हायची ती काम करताना. एका संध्याकाळी बाईंनी भरतासाठी वांगी भाजली, निगुतीनं सोलली, आणि सोललेली वांगी पुन्हा विस्तवावर ठेवली. कृती विचारली असती तर त्यांनी अचूक सांगितली असती. कृती त्यांच्या तोंडात होती. हातांपर्यंत ती पोचत नव्हती, एवढंच. जीवरामभाऊंनी ती राखेची वांगी मुकाट्यानं खाल्ली आणि म्हणाले, "धुराचा वास छान लागलाय." त्यावरून बाईंनी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. एरवी मीठ कमी पडलं तरी ते बोलून दाखवत.

घरात हे चालून गेलं असतं. जूनमध्ये शाळा उघडली, बाई रुजू झाल्या, आणि प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात ते झालं. तीव्र आम्ल विरल करायचं होतं. बाई वर्गाला खणखणीत आवाजात सांगत होत्या, "आम्ल पाण्यात ओतायचं, थेंब थेंब. पाणी आम्लात कधीही ओतायचं नाही. का नाही? कोण सांगेल?" आणि हे सांगता सांगता त्यांचा उजवा हात शांतपणे आम्लात पाणी ओतत होता. कडकन आवाज झाला, चंचुपात्र उकळून उडालं. पुढच्या बाकावरच्या रईसाच्या ओढणीला चाळणीसारखी भोकं पडली. कातडीला काही झालं नाही, कारण ती पोर नेमकी वही उचलायला खाली वाकली होती. "बाई, तुम्हीच तर म्हणाल्या..." असं ती म्हणाली. बाईंनी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, प्रकृतीअस्वास्थ्य. ओढणीबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जीवरामभाऊंनाही नाही.

रजा संपत आल्या तेव्हा मुख्याध्यापक घरी येऊन बसले. माणूस भला होता, पण नियमापुढे त्यालाही इलाज नव्हता. "बाई, येत्या जूनला एक तर रुजू व्हा, नाही तर राजीनामा द्या. राजीनामा दिला तर पेन्शन नाही. तिसरा रस्ता म्हणजे मेडिकल बोर्ड. बोर्डानं तुम्हाला कामास कायमचं अपात्र ठरवलं की रुग्णता पेन्शन मिळतं."

म्हणजे डॉक्टरांसमोर जायचं आणि सिद्ध करायचं की आपण निकामी झालो. नाही जमलं तर त्या टेबलामागे पुन्हा उभं राहायचं, हातात बाटली घेऊन. राजीनामा द्यावा तर जिनिंगचं काम हंगामी; उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत जीवरामभाऊ घरीच. बाईंनी बोर्डाचा अर्ज भरला.

आता गावात मेडिकल बोर्डाला बसून आलेला एकच माणूस होता, उखर्डूभाऊ. हे वायरमन होते, खांबावरून डोक्यावर पडले होते आणि पेन्शन घेऊन परतले होते. गावात त्यांना या विषयात मान होता. जीवरामभाऊ त्यांना चहाला घेऊन आले.

"बाई, मले पहिलं इचारलं, आज कोनता वार? म्या म्हनलं, बाजाराचा. मंग इचारलं, पोरं किती? म्या म्हनलं, घरी जाऊन मोजा लागतीन. डाक्टर हासला अन् सही करून मोकळा झाला."

"पण तुम्हाला खरंच आठवत नव्हतं का?" बाईंनी विचारलं.

"अर्धं खरं, अर्धं वरचं. आता तुम्हाले सांगतो, जे अर्धं खरं असते नं, तेच पटवून द्याले लई मेहनत लागते." मग त्यांनी बोटांवर मोजत प्रश्न सांगितले. तारीख आणि वार. पंतप्रधान कोण. शंभरातून सात वजा करत जा. तीन वस्तूंची नावं सांगतात आणि घटकाभरानं पुन्हा विचारतात. "ह्याच्यात कोनतं चुकवाचं ते तुमचं तुम्ही पाहा."

उखर्डूभाऊंचा हेतू सरळ होता. पण प्रश्न आधी कळले म्हणजे त्यांचं काय करायचं, याबद्दल बाईंच्या मेंदूला एकच गोष्ट ठाऊक होती आणि मोरीच्या कठड्यालाही ती पुसता आली नव्हती. बाईंनी तयारी केली. सकाळी उठून वजाबाक्या म्हटल्या. रोज रेडिओवरच्या बातम्या ऐकल्या, कारण पंतप्रधानांचा प्रश्न त्या दिवसांत सोपा नव्हता. बाई पडल्यापासून देशात एक सरकार पडलं होतं, दुसरं पडायला आलं होतं, आणि धडधाकट डोक्याच्या माणसांनाही पत्ता लागत नव्हता. जीवरामभाऊंना हे कळलं ते एप्रिलमध्ये, जळगावच्या गाडीत. बाई खिडकीबाहेर बघत पुटपुटत होत्या.

"काय म्हणतेस?"

"एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट."

"अगं, हे पाठ कशाला केलंस?"

"प्रश्न माहीत असताना तयारी न करता कसं जायचं?"

जीवरामभाऊंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या लक्षात आता आणखीही काही आलं. बाईंनी शाळेची खळ घातलेली साडी नेसली होती आणि केस असे विंचरले होते की टाक्यांची खूण दिसू नये. "निदान ते टाके तरी दिसू दे," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "चार लोकांत बरं दिसत नाही."

बोर्डात तीन डॉक्टर होते. मधले वयस्कर, डावीकडचे कागदात डोकं घातलेले, आणि उजवीकडचा तरुण बाईंना पाहताच खुर्ची मागं सारून उभाच राहिला. "बाई! मी फारुख. फारुख पिंजारी, बोदवड. दहावीच्या तुकडीत खिडकीशी बसायचो."

बाईंना आठवलं. नुसतं नाव नाही, सहामाहीत त्यानं सोडियमच्या जागी पोटॅशियम लिहिलं होतं तेही आठवलं, आणि त्यांनी ते सांगितलंही. फारुख लाजला. मधले डॉक्टर हसले. "स्मरणशक्ती चांगली आहे," असं म्हणून त्यांनी कागदावर काही लिहिलं. जीवरामभाऊंनी पायानं बाईंचा पाय दाबला. बाईंनी पाय बाजूला घेतला.

आता खरं सांगायचं तर इथंही वेळ गेली नव्हती. पण स्वतःच्या विद्यार्थ्यासमोर तोंडी परीक्षा द्यायची आणि चुकायचं, हे बाईंच्या बापजन्मात झालं नसतं. मधल्या डॉक्टरांनी आधी तीन वस्तूंची नावं ऐकवून ठेवली. तारीख विचारली, त्यांनी तारीख सांगितली. पंतप्रधान विचारले, तर म्हणाल्या, "राजीनामा दिलाय, पण निवडणूक होईपर्यंत काळजीवाहू तेच आहेत." डावीकडच्या डॉक्टरांनी कागदातून मान वर केली, त्यांना बहुधा हे नवीन होतं. वजाबाकी सुरू झाली तेव्हा बाई थांबेचनात. "सोळा, नऊ, दोन. पुढे ऋण पाच येईल. चालू ठेवू?"

"पुरे, पुरे," मधले डॉक्टर म्हणाले.

"लिंबू, कुलूप, रुमाल," बाई म्हणाल्या.

"ते मी अजून विचारलं नव्हतं."

"घटकाभरानं विचारणार होतात ना?"

फारुखचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "सर, आमच्या बाई अशाच," तो म्हणाला. "आम्हाला म्हणायच्या, विचारायच्या आधी उत्तर तयार पाहिजे." बाईंना अनेक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. बाहेर येऊन बाकावर बसल्या तेव्हाही त्यांच्या गालावर लाली होती. शिपायानं कागद आणून दिला. 'कामावर रुजू होण्यास पात्र.' बाईंनी तो वाचला, आणि आपण पहिल्या आलो या आनंदातून बाहेर यायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांना रईसाची ओढणी दिसायला लागली.

जीवरामभाऊंनी कागदाची घडी करून तो खिशात ठेवला. चिडले असते तर बाईंना परवडलं असतं.

फारुख जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला आणि दोघांना समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेला. "फारुख, घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं. अब्बा गेले, आई मदिना बोदवडलाच असते, धाकटा भाऊ गाद्या भरतो, असं त्यानं सांगितलं. चहा आला. "घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं. फारुखनं पुन्हा सांगितलं, थोडं हळू. बाई बशीत चहा ओतत होत्या. बशी भरली, ओसंडली, चहा टेबलावरून फारुखच्या पांढऱ्या कोटावर आला, आणि बाई तोंडानं म्हणत होत्या, "गरम आहे, जपून रे." फारुखनं हळूच त्यांच्या हातातला कप काढून घेतला. तो कोट न पुसता तसाच बसला.

"भाऊ," तो जीवरामभाऊंना म्हणाला, "मी आत गाढवपणा केला."

"तू नाही केलास," जीवरामभाऊ म्हणाले. "हिनं अभ्यास केला."

"सही झाली, आता ती फिरणार नाही. पण फेरतपासणीचा अर्ज करता येतो. धुळ्याला देवरे मॅडम आहेत, डोक्याच्याच डॉक्टर. मी आजच त्यांना लिहितो. पण बाई, तुम्ही तिथं एवढं बरोबर नका हो सांगू."

धुळ्याची तारीख मेच्या शेवटी मिळाली. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. या खेपेला बाईंनी ठरवलं की चुकायचंच. ठरवलं म्हणजे पद्धतशीर ठरवलं. सगळंच चुकवलं तर संशय येईल, हे त्यांना परीक्षक म्हणून माहीत होतं. अगदी ढ मुलाचंही अधूनमधून बरोबर येतं. तेव्हा दर तिसरं उत्तर चुकवायचं. गाडीत त्यांनी जीवरामभाऊंना ही योजना सांगितली. ते म्हणाले, "तू फक्त गप्प बसलीस तरी चालेल." पण गप्प बसणं म्हणजे उत्तरपत्रिका कोरी देणं. ते बाईंना जमण्यातलं नव्हतं.

देवरे मॅडम बाईंच्याच वयाच्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, आवाज हळू. बाजूला दोन डॉक्टर बसले होते, पण प्रश्न त्याच विचारत होत्या. तारीख, बरोबर. गाव, बरोबर. जिल्हा? "नाशिक," बाई म्हणाल्या आणि लाजेनं त्यांचे कान तापले. नवऱ्याचं नाव, बरोबर. शाळेचं नाव, बरोबर. आठवड्याचे वार किती? "सहा."

"बाई," मॅडम म्हणाल्या, "पदराखाली बोटांवर काय मोजताय?"

कॉपी करताना सापडलेल्या पोरांना बाईंनी आजवर एकच प्रश्न विचारला होता, तुला लाज कशी वाटत नाही. त्याचं उत्तर आता त्यांना मिळालं. लाज वाटते, पण पेपरही सोडवायचा असतो. त्यांनी हात पदराबाहेर काढून मांडीवर ठेवले. "दर तिसरं," त्या म्हणाल्या. शेजारच्या एका डॉक्टरांना खोकला आला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला. "प्रश्न राहू द्या. माझं एक काम करा. हा कागद घेऊन चार नंबरच्या खिडकीवर जा, शिक्का मारून घ्या. शेजारच्या खोलीत विचारा, भंगाळ्यांचा एक्स-रे आला का. आणि इथं परत या. भाऊ, तुम्ही बसा इथंच."

जीवरामभाऊ अर्धे उठले होते, ते बसले. बाईंना हायसं वाटलं. एवढंच ना.

बाहेर पडवीत गर्दी होती. बाई खिडक्यांचे आकडे वाचत निघाल्या. एक, दोन. दोनच्या पुढे एक लांब बाक होतं, त्यावर म्हाताऱ्या माणसांची रांग बसली होती. एक म्हातारी बाई उठून म्हणाली, "बहीन, जराशी मनी जागा धर. पानी पी येस." ती धुरपदाबाई. साक्रीकडून आली होती. बाईंनी जागा धरली, म्हणजे बसल्या. म्हातारी पाणी पिऊन आली, शेजारी टेकली, आणि बोलायला लागली. "तुन्हं काय शे? माले तं बठ्ठं धुरकट दिसस." रांग सरकली. रांगेत बसलं की सरकायचं, ही गोष्ट बाईंच्या हातापायांना न शिकवता येत होती. त्या सरकल्या. एक नर्स बाटली घेऊन आली आणि ओळीनं प्रत्येकाचं डोकं मागं करत थेंब टाकत गेली. बाईंचंही डोकं मागं झालं. "डोळे मिटा. उघडू नका." बाईंनी मिटले. शिस्तीत त्या कधी कमी पडल्या नव्हत्या. पुढे आत बोलावलं, काळ्या अक्षरांचा तक्ता दाखवला, आणि बाईंनी धूसर दिसत असतानाही खालून दुसरी ओळ वाचली. तपासणारा म्हणाला, "ताई, मोतीबिंदू नाही तुम्हाला. फार छान." एक चिठ्ठी दिली.

बाई परत आल्या तेव्हा जीवरामभाऊ दारात उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. ते दोनदा शोधायला निघाले होते आणि मॅडमनी दोनदा त्यांना बसवलं होतं. बाईंनी प्रसन्नपणे चिठ्ठी टेबलावर ठेवली. "झालं," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू नाही."

मॅडमनी चिठ्ठी उचलून वाचली.

"बाई," मॅडम म्हणाल्या, "मी तुम्हाला काय काम सांगितलं होतं?"

"चार नंबरच्या खिडकीवर शिक्का मारून घ्यायचा. शेजारच्या खोलीत भंगाळ्यांच्या एक्स-रेची चौकशी करायची. परत यायचं." शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. सांगता सांगता बाईंना स्वतःच्या डाव्या हातातला कागद दिसला. धूसर होता, पण कोरा होता एवढं कळत होतं. घट्ट धरल्यामुळे त्याला घामानं सुरकुत्या पडल्या होत्या.

बाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "शाळेतही असंच झालं."

"काय झालं?"

त्यांनी सांगितलं. आम्ल, पाणी, वाकलेली पोर, ओढणी. वर्गात सांगत तसं क्रमानं, काही न गाळता. जीवरामभाऊ पहिल्यांदाच ऐकत होते. "माझं तोंड सगळं बरोबर सांगतं, मॅडम," बाई म्हणाल्या. "म्हणून कुणाला कळत नाही. मलाही उशिरा कळतं. ती वाकली नसती तर तिचा चेहरा गेला असता. मला त्या टेबलामागे पाठवू नका."

"हे जळगावला का नाही सांगितलंत?"

"ते प्रश्नात नव्हतं."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहिलं. दोन्ही डॉक्टरांनी वाचून सह्या केल्या. अध्यापनास कायमस्वरूपी अपात्र, असं त्यांनी वाचून दाखवलं. जीवरामभाऊंनी हात जोडले.

काम झालं होतं. उठायचं आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. पण बाई उठेनात. "मॅडम," त्या म्हणाल्या, "खिडकी कुठल्या बाजूला आहे ते आता माझ्या लक्षात आलंय. दोनच्या पुढे बाक आहे, तिथं बसायचं नाही. एकदा पुन्हा पाठवून बघता का?"

जीवरामभाऊंनी डोळे मिटून घेतले.

"बाई," देवरे मॅडम म्हणाल्या, "पेपर गोळा झाला."

बाई उठल्या. त्यांनी स्वतः कित्येकांना हेच सांगितलं होतं, काहींना तर याहून कडक शब्दांत.

बाहेर मेचं ऊन रणरणत होतं. थेंबांनी डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे बाईंना सगळं धुळं पांढरंफटक दिसत होतं. डोळे उघडवतच नव्हते. जीवरामभाऊंनी त्यांचा पदर ओढून डोळ्यांवर घेतला आणि भर रस्त्यात त्यांचा हात धरला. लग्नाला वीस वर्षं होत आली होती, असा हात त्यांनी कधी धरला नव्हता. "पायरी आहे," ते म्हणत. "दगड आहे. रिक्षा येतेय." बाई चाचपडत चालत होत्या. स्टँडवर लोक बाजूला होऊन वाट देत होते.

जळगावची गाडी खच्चून भरली होती. कंडक्टरनं बाईंना एकदा पाहिलं आणि पुढच्या सीटवरच्या तरण्या पोराला म्हणाला, "ऊठ रे. अपंगांची सीट आहे, पाटी दिसत नाही का? ताईंना बसू दे." पोरगा ओशाळून उठला. कुणीतरी पिशवी धरली. कुणीतरी "सांभाळून, सांभाळून" म्हणालं.

बाईंना गंमत वाटली. दीड वर्षात त्यांच्या डोक्यासाठी कुणी इंचभर सरकलं नव्हतं. आणि हे तर संध्याकाळपर्यंत उतरणारं औषध. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्यांनी कंडक्टरच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "भाऊ, तसं काही नाही, मला दिसतं. खालून दुसरी ओळसुद्धा..."

"बस," जीवरामभाऊ त्यांच्या कानाशी म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज हसरा झाला होता. "तुझं बरोबर आहे. पण बस."

बाई बसल्या. गाडी पारोळ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा त्या पदराआड डोळे मिटून आपल्याशीच काही तरी पुटपुटत होत्या. जीवरामभाऊ दांड्याला धरून वाकले आणि कान दिला. बाई म्हणत होत्या, "चार नंबरची खिडकी. शिक्का. एक्स-रे. परत."